लोण्यासारखी रिंग आणि ०.१ मिलिमीटर

“यातली एक ठेवणार, एक विकणार. कुठली ते तू सांग,” असं म्हणून मित्राने दोन लेन्सेस माझ्यासमोर ठेवल्या. दोन्ही ५० मिमीच्या, दोन्ही जुन्या, दोन्ही ३९ मिमी आट्यांच्या, म्हणजे अडॅप्टर लावून लायका एम कॅमेऱ्याच्या बॉडीवर बसणाऱ्या. पहिली एफ १.५ ची (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). पितळेवर क्रोम, हातात घेतली की वजन जाणवतं, आणि रिंग अशी फिरते की सोडवत नाही. कुठे अडकणं नाही, कुठे सैल पडणं नाही. दुसरी एफ २ ची. कडांचं क्रोम उडालेलं, इन्फिनिटीच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसच्या, खटक्यातून सोडवताना अख्खा कॅमेरा हलतो इतकी जड, आणि मधल्या एका टप्प्यात वाळू अडकल्यासारखी करकरते.

कुठल्या कंपनीच्या ते इथे लिहीत नाही. पुढे कळेल की दोष बनवणाऱ्यांचा नव्हताच.

“यात विचारण्यासारखं काय आहे?” मी म्हटलं.

“गुळगुळीतवालीचे फोटो मऊ येतात. करकरीवालीचे सुरीसारखे. आणि चूक माझीच असणार, कारण ती रिंग बघ ना कशी आहे.”

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं. नंतर कळलं की त्याने तेवढ्यासाठी चष्मा बदलून घेतला होता. नंबर फारसा बदललेला नसतानाही. रिंग इतकी छान फिरते म्हणजे लेन्समध्ये खोट नाही, लेन्समध्ये नाही म्हणजे डोळ्यात आहे, असा त्याचा सरळ हिशेब.

त्याची बॉडी १९५४ साली आलेल्या लायका एम३ मॉडेलची. रेंजफाइंडरच्या बाबतीत याहून भरवशाची बॉडी मिळणं अवघड, आणि हे जुन्याचं कौतुक म्हणून म्हणत नाही. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून एकच वस्तू दिसते. लेन्सची रिंग फिरवली की मधल्या चौकोनातली दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस झाला. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त आणि व्ह्यूफाइंडरचं मोठेपण जितकं जास्त तितकी नेमकी जुळणी. एम३मध्ये हे अंतर ६८.५ मिमी, मोठेपण ०.९१ पट, म्हणजे उपयोगी पाया ६२ मिमीच्या थोडा वर. एम२मध्ये मोठेपण ०.७२ वर आलं आणि पाया ५० मिमीपर्यंत उतरला. पुढे २००० साली आलेल्या फोक्टलेंडर बेसा-आरमध्ये तो साधारण २५ मिमी. बेसा वाईट कॅमेरा नाही, ३५ मिमीच्या लेन्सला तो पुरतो. पण एफ १.५ उघडून चेहरा टिपायचा तर मी एम३च उचलेन.

आता डोळ्याची चूक किती होऊ शकते ते पाहू. दोन रेषा जुळल्या की नाही हे ओळखताना डोळा साधारण १ मिनिट कोनाइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) चुकला असं धरलं, तर ६२ मिमी पायावर १ मीटरवरची चूक ५ मिमीच्या आत राहते. ५० मिमी लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जेवढ्या खोलीतलं सगळं धारदार दिसतं ती, एफ १.५ ला १ मीटरवर एकूण साधारण ३४ मिमी, म्हणजे पुढेमागे मिळून बोटाच्या दोन पेरांएवढीही नाही. तरी ५ मिमी त्यात आरामात मावतात. मित्राच्या फोटोंत मात्र डोळ्यावर फोकस केलेला असताना धारदार यायचा तो कान. डोळा आणि कान यांत अंतर किती असतं ते आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवून पाहावं. चष्म्याने असली चूक होत नाही.

मी महिनाभर दोन्ही लेन्सेस वापरल्या. पहिला आठवडा नुसता फिरवण्यातच गेला, ते कबूल करतो. एफ १.५ ची लेन्स खुर्चीत बसल्या बसल्या फिरवत राहावी अशी होती. रेंजफाइंडरवाल्यांना हा चाळा असतोच. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच आरशाने चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, पडद्यावर चित्र हळूहळू धारदार होत जातं, तिथे रिंग जरा खडबडीत असली तरी डोळा तिकडे लागलेला असतो. रेंजफाइंडरमध्ये धारदारपणा दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं नेहमीच स्वच्छ असतं. जे काही कळतं ते त्या चौकोनाच्या सरकण्यावरून आणि बोटाखालच्या रिंगवरून. म्हणून इथे रिंगचं फिरणं हा चैनीचा भाग राहत नाही. रिंग मध्येच अडकून सुटली तर चौकोनातली प्रतिमा टुणकन पुढे जाते, मग मागे आणावी लागते, मग परत पुढे. एफ २ च्या लेन्सशी माझं हेच चालायचं. १ मीटरच्या आसपास तिचा करकरीचा टप्पा यायचा, आणि समोरचा माणूस तोवर हसायचं थांबायचा.

तरीही तिचे फोटो बरोबर. हे कोडं आधी सोडवलं, कारण ते सोपं होतं. ५० मिमीची लेन्स इन्फिनिटीपासून १ मीटरवर आणायला फक्त ३ मिमी पुढे यावी लागते. या दोन्ही जुन्या लेन्सेसमध्ये तेवढ्यासाठी रिंग जवळजवळ अर्धा वेढा फिरते. १८० अंशांत ३ मिमी. करकरीमुळे मी एखाददोन अंश पुढे गेलो तरी लेन्स सरकणार ०.०३ मिमी, आणि एफ २ ला त्याने फिल्मवर जो धूसर ठिपका पडेल तो ०.०१५ मिमीचा. साधारण ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका छापील फोटोत डोळ्याला खुपत नाही. लांब फिरणारी रिंग माझ्या बोटांच्या चुका गिळत होती. हीच लेन्स आजच्या बऱ्याच लेन्सेससारखी ९० अंशांत ३ मिमी जाणारी असती, तर त्याच करकरीने दुप्पट नुकसान केलं असतं. पटकन फोकस होणारी, बोट टेकवायची छोटी टॅब असलेली लेन्स रस्त्यावर फार सोयीची, पण तिच्या रिंगमधला खडबडीतपणा महाग पडतो.

आता गुळगुळीतवाली. संशयित बरेच होते.

पहिला संशय बॉडीवर. चंद्रावर दोन्ही प्रतिमा जुळतात का ते पाहिलं. जुळत होत्या, उभ्यातही आणि आडव्यातही. शिवाय त्याच बॉडीवर एफ २ ची लेन्स नेमकी होती. एकाच बॉडीचा रेंजफाइंडर एका लेन्सला खरा आणि दुसरीला खोटा असू शकत नाही. फिल्म सपाट बसते की नाही हा प्रश्नही त्याच न्यायाने सुटला.

दुसरा संशय अडॅप्टरवर. ३९ मिमी आट्यांच्या लायका लेन्सेससाठी माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी, एम बायोनेटसाठी २७.८. अडॅप्टर म्हणजे मधली बरोबर १ मिमीची चकती. स्वस्त अडॅप्टर कमीजास्त जाडीचे निघतात हे खरं, त्यामुळे मीही आधी तिकडेच धावलो. दोन अडॅप्टर आलटूनपालटून लावले, फरक शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला की फरक पडायलाच नको होता. ५० मिमीच्या बऱ्याच जुन्या लेन्सेसमध्ये बॉडीतल्या रेंजफाइंडरच्या दांडीचं चाक लेन्सच्या ज्या मागच्या कडेला टेकतं ती कडा आणि भिंगं एकाच नळीवर असतात. लेन्स १ मिमी पुढे आली की कडाही १ मिमी पुढे येते. लायकाचा रेंजफाइंडर मुळात ५१.६ मिमीच्या लेन्सची चाल धरून बेतलेला आहे, त्यामुळे त्या मापाच्या लेन्सला कसलंही भाषांतर लागत नाही. अडॅप्टर जाड असला तर भिंगं आणि कडा दोन्ही सारख्याच पुढे येतात, रेंजफाइंडर ती चूक पाहतो आणि आपण नकळत रिंग फिरवून ती भरून काढतो. बिघडते ती फक्त रिंगवर कोरलेली अंतरं आणि इन्फिनिटीचा थांबा. ३५ किंवा ९० मिमीला ही सवलत नाही. तिथे भिंगांची चाल वेगळी, कडेची वेगळी, आणि मधे उताराची कड किंवा वेगळे आटे बसवून ती जुळवलेली.

हे लक्षात आलं आणि बराच पसारा आवरला. अडॅप्टर, आट्यांची ढिलाई, बॉडीच्या बाजूचं काहीही, हे सगळं भिंगांना आणि कडेला एकत्र हलवतं. ५० मिमीत एकच अंतर खरं महत्त्वाचं उरतं, ते भिंगांचा गठ्ठा आणि ती मागची कडा यांच्यातलं. रेंजफाइंडर कडेवर विश्वास ठेवतो. भिंगं कडेपासून ठरल्या जागी नसतील, तर त्याला ते कळायचा काहीच मार्ग नाही.

यानंतरही दोन संशयित शिल्लक होते, आणि दोन्ही तगडे.

एक म्हणजे फोकस सरकणं. सोनार पद्धतीच्या (त्साइसच्या एका भिंगरचनेच्या) जुन्या वेगवान लेन्सेसमध्ये ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, बंद करत गेलं की फोकसची पातळी मागे सरकते. बनवणाऱ्याने ती कुठल्या ॲपर्चरला बरोबर जुळवली आहे त्यावर बाकीच्या ॲपर्चरांचं नशीब अवलंबून. त्साइसची अलीकडची ५० मिमी एफ १.५ सी सोनार यासाठी प्रसिद्ध आहे. सुरुवातीला ती एफ २.८ ला जुळवलेली यायची, त्यामुळे पूर्ण उघडल्यावर फोकस डोळ्याच्या पुढे, नाकाकडे पडायचा. आमच्या लेन्सचा मात्र एफ १.५ लाच मागे, कानाकडे पडत होता. ॲपर्चर बंद करून तो आणखी मागे जाईल, पुढे येणार नाही. तर सरकण्याने मूळ चूक समजत नव्हती.

दुसरा म्हणजे मापाचा फरक. जुन्या कॉन्टॅक्सची, म्हणजे लायकाशी स्पर्धा करणाऱ्या त्साइसच्या कॅमेऱ्याची, ५० मिमी लेन्स खरं तर ५२.४ मिमीच्या आसपासची धरलेली, लायकाची ५१.६ ची. म्हणून कॉन्टॅक्सच्या मापाने घडवलेली लेन्स लायकाच्या आट्यांत बसवली, आणि इन्फिनिटीला अचूक जुळवली, तरी जवळ येईपर्यंत ती मागे पडते. १ मीटरवर तिला साधारण ०.०९ मिमी चाल कमी मिळते, म्हणजे फोकस ३ सेंटिमीटर मागे. कॉन्टॅक्सच्या लेन्सेसवरून घेतलेल्या सोव्हिएत ज्युपिटर लेन्सेस लायकावर लावणाऱ्यांत हा वाद कायम चालू असतो. आमचं लक्षण हुबेहूब हेच होतं. कान!

मापाचा फरक की जागेवरून हललेला भिंगांचा गठ्ठा, याचा निवाडा करायची जागा एकच, इन्फिनिटी. मापाचा फरक असेल तर दूरचं सगळं स्वच्छ असणार आणि जवळ येताना चूक वाढत जाणार. भिंगांचा गठ्ठाच हललेला असेल तर दूरचंही धूसर.

एम३ची मागची झडप उघडून फिल्मच्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा चिकटवला, शटर बी वर, म्हणजे उघडंच राहील असं, लॉक केलं, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि रात्री दूरच्या टॉवरच्या लाल दिव्यांवर रोखला. काचेवर दहापट भिंग. रिंग इन्फिनिटीच्या थांब्याला टेकवली. दिवे ठिपके दिसायला हवेत, दिसत होते लाल चकत्या. रिंग थांब्यापासून हळूहळू अलीकडे आणली तर चकत्या आकसत गेल्या, आणि रिंग इन्फिनिटी आणि २० मीटर यांच्या मधोमधही नव्हे, त्याच्याही पुढे २० च्या खुणेच्या जवळ आली तेव्हा कुठे दिव्यांचे टोकदार ठिपके झाले. मी ती जागा साधारण २७ मीटर धरली. ५१.६ मिमीची लेन्स २७ मीटरवर असते तेव्हा ती इन्फिनिटीपेक्षा ०.१ मिमी पुढे आलेली असते. म्हणजे भिंगांचा गठ्ठा कडेच्या मानाने ०.१ मिमी आत, फिल्मकडे बसला होता.

मग सगळे आकडे आपोआप रांगेत बसले. एफ १.५ ला ०.१ मिमीची चूक फिल्मवर ०.०६७ मिमीचा ठिपका करते, खुपण्याच्या मर्यादेच्या दुप्पट. १ मीटरवर फोकस साडेतीन सेंटिमीटर मागे. २ मीटरवर १४ सेंटिमीटर. ३ मीटरवर फुटाहून जास्त. तिरकी पट्टी ठेवून १ आणि २ मीटरवर मोजलं, दोन्ही आकडे जवळपास तेच आले. आणि आधीच्या मालकाला हे का कळलं नसावं तेही उमगलं. एफ ८ ला ३ मीटरवर साधारण २.४ ते ४.१ मीटरपर्यंत सगळं चालून जातं. दिवसाउजेडी ॲपर्चर बंद करून वापरणाऱ्याला ही लेन्स उत्तम वाटली असणार. त्यात ती रिंग.

लेन्स उघडायची मी हिंमत केली नाही. हे आटे साध्या स्क्रूसारखे नसतात. अर्ध्या वेढ्यात ३ मिमी चाल हवी तर एकाच आट्याचा चढ फार तीव्र होईल, म्हणून एकाशेजारी एक असे अनेक आटे एकत्र कापतात. दोन नळ्या वेगळ्या केल्या की त्या परत अनेक जागी आत शिरू शकतात, पण बरोबर जागा एकच. जाणते लोक सुटण्याच्या क्षणी दोन्ही नळ्यांवर सुईने रेघ मारतात. माझ्याकडे सुई होती, जाणतेपणा नव्हता.

ज्यांच्याकडे नेली ते गृहस्थ बरीच वर्षं हेच काम करतात. त्यांनी लेन्स हातात घेतली, दोनदा फिरवली आणि म्हणाले, “ही कोणीतरी उघडलेली आहे.”

“कशावरून?”

“इतकी जुनी लेन्स इतकी छान फिरत नाही.”

स्क्रूंच्या खाचा त्यांनी दाखवल्या. चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने कडा उसवलेल्या होत्या, आणि एका खाचेत क्रोमखालचं पितळ चमकत होतं. आम्ही दोघांनी ती लेन्स इतके दिवस हाताळली, पण आमचं लक्ष रिंगवर.

आत जे निघालं ते असं. पितळ आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या, जशा बहुतेक चांगल्या लेन्सेसमध्ये असतात. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं तर ते एकमेकांना धरून बसतात, म्हणून ही जोडी. आट्यांत भरपूर, फारच भरपूर, घट्ट पांढरं ग्रीस. ते कुठल्या तरी यंत्रासाठी असेल, लेन्ससाठीचं नक्की नव्हतं. त्यातलं तेल सुटून ॲपर्चरच्या पात्यांवर पसरायला लागलं होतं, दोन पात्यांवर ओला डाग. आणि भिंगांचा गठ्ठा जिथे नळीत बसतो तिथे शिम नव्हती. शिम म्हणजे कागदासारखी पातळ धातूची चकती. लेन्स बनवताना प्रत्येक गठ्ठ्याला त्याच्या-त्याच्या मापाच्या शिम घालूनच कडेपासूनचं अंतर जुळवतात, कारण भिंगं घडवताना दोन लेन्सेसचं माप केसाएवढं तरी वेगळं येतंच. ग्रीस बदलणाऱ्याने गठ्ठा बाहेर काढला, शिम ग्रीसला चिकटून फडक्याबरोबर कचऱ्यात गेली असावी. त्याने मुद्दाम काही केलं नसेल. परत जोडल्यावर रिंग फिरवून पाहिली असेल, मस्त फिरते म्हणून खूश झाला असेल.

पहिल्यांदा ०.०८ मिमीची शिम घातली. कोलिमेटरखाली, म्हणजे फोकस तपासायच्या यंत्राखाली, किंचित कमी पडली. मग ०.१० ची. नेमकी.

माझं गणित बरोबर आल्याचा आनंद मी लपवला नाही. तो फार टिकला नाही, कारण पुढच्याच मिनिटाला त्यांनी आटे पेट्रोलने धुतले, कोरडे केले आणि नळ्या नुसत्याच जुळवून माझ्या हातात दिल्या. टकटक. पुढची नळी मागचीत चक्क हलत होती. आटे झिजलेले होते. इतके दिवस ज्याला आम्ही लेन्सची घडण म्हणत होतो ते झिजलेल्या आट्यांमधल्या फटीत भरलेलं ग्रीस होतं. फट मोठी, ग्रीस घट्ट, म्हणून फिरणं मऊ.

मी विचारलं, ही ढिलाई फोटोला बाधणार का? त्यांचं उत्तर मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. या लेन्समध्ये कडा आणि भिंगं एकाच नळीवर, त्यामुळे नळी जरा पुढेमागे झाली तरी दोन्ही एकत्र होणार, आणि रेंजफाइंडरची स्प्रिंग त्या कडेला सतत चिकटून. नळी तिरकी होण्याइतकी ढिलाई असती तर एक बाजू धूसर आली असती, तशी ती नव्हती. म्हणजे जी खोट आता हाताला जाणवत होती तिने फोटो बिघडत नव्हता, आणि जिने बिघडत होता ती हाताला कधीच जाणवली नसती. ०.१ मिमीची चकती रिंगमध्ये कुठेच नसते.

सहज म्हणून एफ २ ची लेन्सही उघडून घेतली. करकर वाळूची नव्हती. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं आणि पितळेशी लागून हिरवं पडलं होतं, त्याचेच खडे. धुतल्यावर नळ्या कोरड्याच जुळवून दिल्या. मी हलवल्या. काही नाही. परत हलवल्या. अजिबात काही नाही. आटे जणू काल कापलेले. पातळ ग्रीसचा एक हात दिल्यावर ती एका बोटाने फिरायला लागली आणि ज्या जागी सोडाल त्या जागी थांबायला लागली. शिम सगळ्या जागेवर, कारण तिला कोणी हात लावलेला नव्हता. सुकलेल्या ग्रीसमुळे तिला जड म्हणून बाजूला ठेवलं असेल, आणि बाजूला पडल्यामुळेच ती झिजली नाही, असा माझा अंदाज.

घडण या शब्दाबद्दल मी तेव्हापासून जरा सावध झालोय. पितळेचं वजन, क्रोमची झळाळी, रिंगचं मऊपण, आपण एका दमात हे सगळं त्यात घालतो. एम३ची वरची पट्टी पितळेची, १९८४ च्या मूळ एम६ची जस्ताच्या मिश्रधातूची, यावर लोक तासन् तास बोलतात, आणि रेंजफाइंडरच्या दांडीला यातलं काहीही ठाऊक नसतं. १९३६ च्या कॉन्टॅक्स २ मध्ये तर ५० मिमी लेन्सचे फिरते आटे बॉडीतच होते, लेन्समध्ये नव्हतेच. शटरच्या बटणाजवळचं दातेरी चाक बोटाने फिरवायचं. तिथे लेन्स छान फिरते हे वाक्यच लागू पडत नाही, फिरते ती बॉडी. वर ते चाक फिरवताना बोट रेंजफाइंडरच्या खिडकीवर येतं, म्हणून बोटं वेगळी धरायची सवय लावून घ्यावी लागते. तरी त्या बॉडीवरून उत्तम फोटो निघाले.

मी मात्र पूर्ण पलीकडेही जाणार नाही. एफ २ ची लेन्स साफ झाल्यावर पहिल्या रोलमध्येच माझे हुकलेले क्षण कमी झाले. नेमकेपणा आधीही होता, वेळ लागत होता. चौकोन एकदा पुढे, एकदा मागे, असं न करता एका चालीत जुळायला लागला. ही रिंगची कमाई, आणि ती खरी. शिवाय जड रिंगमुळे आट्यांची लेन्स अडॅप्टरमधून हळूच सुटायला लागते हा छळ गेला.

मित्राला दोन्ही लेन्सेस परत दिल्या. एफ १.५ मध्ये शिम आणि लेन्ससाठीचं पातळ ग्रीस. सोबत १ मीटरवर काढलेला त्याचाच फोटो, एफ १.५ ला, पापणीचे केस मोजून घ्यावेत असा. त्याने फोटो पाहिला, मान डोलावली, लेन्स हातात घेतली, रिंग फिरवली, आणि त्याचा चेहरा पडला.

“हिला काय केलंस तू?”

सगळं सांगितलं. शिम, कडा, टॉवरचे दिवे. त्याने शांतपणे ऐकलं. मग परत फिरवली, दिशा बदलताना होणारी ती बारीक टक ऐकली आणि म्हणाला, “बिघडवलीस.”

शेवटी लेन्स परत त्या गृहस्थांकडे गेली. त्यांनी हसून घेतलं आणि लेन्ससाठीचंच, पण त्यातलं सर्वांत घट्ट ग्रीस भरलं. तेल न सुटणारं. शिमला हात लावला नाही. रिंग आता जवळजवळ पूर्वीसारखी फिरते, आणि मित्राच्या मते जवळजवळ हा शब्द महत्त्वाचा आहे. विकायची कुठली ते अजून ठरलेलं नाही. खिशात एफ १.५ असते, कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा एफ २.

नवा चष्मा तो वाचताना लावतो. एम३च्या व्ह्यूफाइंडरची कड उघड्या धातूची आहे, चष्म्याच्या काचेवर ओरखडे पाडते. म्हणून कॅमेऱ्यासाठी त्याने जुना चष्मा पुन्हा बाहेर काढलाय.